गर्भाशयातील फायब्रॉइडच्या गाठी आणि पोट न उघडता होणारे उपचार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फायब्रॉइड म्हणजे नेमके काय? ती कर्करोगाची गाठ असते का?

गर्भाशयाची भिंत स्नायूंची बनलेली असते. त्या स्नायूंतील एखादी पेशी वाढत जाऊन तिची घट्ट, गोलसर गाठ बनते, तिला फायब्रॉइड किंवा मायोमा म्हणतात. ही गाठ कर्करोगाची नसते आणि ती पुढे कर्करोगात बदलते असा पुरावाही नाही. गर्भाशयाच्या स्नायूंचा लायोमायोसार्कोमा नावाचा कर्करोग असतो, पण तो दुर्मीळ आहे आणि बहुतेक वेळा स्वतंत्रपणे उद्भवतो.

फायब्रॉइड इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकांवर पोसली जाते. त्यामुळे पाळी सुरू होण्याआधी ती सहसा दिसत नाही, तिशी-चाळिशीत वाढते आणि पाळी कायमची गेल्यावर हळूहळू आक्रसते. ती किती सर्रास आढळते याची कल्पना अमेरिकेत २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासावरून येते. त्यात पन्नाशीपर्यंत सुमारे ७० टक्के गौरवर्णीय आणि ८० टक्क्यांहून अधिक कृष्णवर्णीय स्त्रियांच्या गर्भाशयात अशा गाठी असण्याचा अंदाज निघाला. यांतील पुष्कळ स्त्रियांना आपल्याला गाठ आहे हे ठाऊकही नव्हते.

दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या सोनोग्राफीत गाठ दिसली. त्रास काहीच नाही. ती काढून टाकावी का?

सहसा नाही. पाळी नियमित आणि बेताची असेल, पोटात दुखत नसेल, लघवीला वारंवार जावे लागत नसेल, हिमोग्लोबिन चांगले असेल आणि गर्भधारणेत अडचण नसेल, तर अशा गाठीवर लक्ष ठेवणे एवढाच उपचार पुरतो. सहा महिन्यांनी किंवा वर्षाने पुन्हा सोनोग्राफी करून आकार पाहावा. ‘पुढे वाढलीच तर’ या धास्तीने केलेली शस्त्रक्रिया, मग ती कितीही लहान छेदाची असो, अनावश्यकच ठरते. याला मोजके अपवाद आहेत: गर्भाशयाच्या पोकळीत शिरलेली गाठ आणि मूल हवे असलेली स्त्री, मूत्रवाहिनीवर दाब देऊन मूत्रपिंडाला सूज आणणारी गाठ, आणि पाळी गेल्यानंतर वाढू लागलेली गाठ. या तिन्ही परिस्थितींत त्रास नसला तरी थांबू नये.

अहवालात गाठीच्या जागेविषयी बरेच लिहिलेले असते. आकारापेक्षा जागा महत्त्वाची का?

उपचार कोणता करता येईल हे मुख्यतः जागाच ठरवते. गाठ गर्भाशयाच्या आतल्या पोकळीत डोकावत असेल, तर ती दीड सेंटीमीटरची असूनही अंगावरून इतके जाऊ शकते की स्त्रीला रक्त चढवावे लागते. उलट बाहेरच्या बाजूला वाढलेली आठ सेंटीमीटरची गाठ पाळीवर काहीही परिणाम न करता वर्षानुवर्षे तशीच राहू शकते.

स्त्रीरोगतज्ज्ञांच्या फिगो या जागतिक संघटनेने २०११ साली या जागांना शून्य ते आठ असे क्रमांक दिले. शून्य, एक आणि दोन या प्रकारांतील गाठी पोकळीत आलेल्या असतात. शून्य क्रमांकाची गाठ देठाने पोकळीत लोंबते, पहिल्या प्रकारात निम्म्याहून कमी भाग भिंतीत असतो आणि दुसऱ्यात निम्मा किंवा त्याहून जास्त. तिसऱ्या प्रकारची गाठ पूर्ण भिंतीत असूनही आतल्या अस्तराला टेकलेली असते, चौथी संपूर्णपणे भिंतीच्या आतच असते. पाच, सहा आणि सात या गाठी बाहेरच्या बाजूला असतात, त्यांपैकी सातवी देठावर लटकते. गर्भाशयमुखातील किंवा इतरत्र असलेल्या गाठी आठव्या प्रकारात मोडतात.

तुमच्या अहवालात हे क्रमांक नसतील, तर ते विचारून लिहून घ्यावेत. ‘गर्भाशयात ४ सेंटीमीटरची गाठ’ एवढ्या एका ओळीवर कोणत्याही उपचाराचा निर्णय घेता येत नाही, आणि अशा ओळीवर शस्त्रक्रियेची तारीख दिली जात असेल तर थोडे थांबून अधिक माहिती मागणे योग्य.

उपचार ठरवण्याआधी कोणत्या तपासण्या व्हायला हव्यात?

योनीमार्गातून केलेली सोनोग्राफी ही पहिली आणि बहुतेकींसाठी पुरेशी तपासणी असते. अविवाहित मुलींची तपासणी आपल्याकडे लघवी धरून ठेवून पोटावरून केली जाते. ती काहीशी कमी स्पष्ट असते, त्यामुळे शंका राहिल्यास एमआरआय करावा. गाठी अनेक असतील, गर्भाशय खूप मोठे झाले असेल, किंवा पुढे सांगितलेल्या धमन्या बंद करण्याच्या अथवा ध्वनिलहरींच्या उपचाराचा विचार असेल, तर एमआरआय लागतोच. अ‍ॅडेनोमायोसिस या वेगळ्या आजारातही पाळीत खूप दुखते आणि रक्तस्राव वाढतो. साध्या सोनोग्राफीत तो कधी कधी फायब्रॉइडसारखा भासतो. त्याचा उपचार निराळा असल्याने हा फरक आधीच कळलेला बरा.

वयाची पंचेचाळिशी उलटल्यावर रक्तस्राव वाढला असेल, तर गर्भाशयाच्या अस्तराचा तुकडा तपासून कर्करोग नसल्याची खात्री करून घेतात. ही पायरी गाळू नये. शिवाय हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि आवश्यकतेनुसार रक्त गोठण्याच्या तपासण्या कराव्यात.

हिमोग्लोबिनचा मुद्दा आपल्याकडे विशेष गांभीर्याने घ्यायला हवा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटाच्या ५४ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. ज्या स्त्रीचे रक्त आधीच कमी आहे, तिच्या पाळीत गाठीमुळे आणखी रक्त जात राहते आणि तिला धाप लागणे, थकवा, केस गळणे हे सारे ‘घरकामाचा शीण’ म्हणून खपून जाते. कोणत्याही नियोजित शस्त्रक्रियेपूर्वी लोहाच्या गोळ्या किंवा शिरेतून लोह देऊन हिमोग्लोबिन वर आणता येते. तेवढे आठवडे थांबणे बहुतेकदा शक्य असते.

औषधांनी गाठ विरघळते का?

विरघळत नाही. काही औषधांनी ती लहान होते, काहींनी फक्त रक्तस्राव कमी होतो, आणि दोन्ही परिणाम औषध चालू असेपर्यंतच बहुधा टिकतात.

ट्रॅनेक्झॅमिक आम्ल पाळीच्या दिवसांपुरते घेतल्यास रक्तस्राव घटतो. ज्यांना रक्ताच्या गुठळ्यांचा आजार झालेला आहे त्यांनी ते घेऊ नये. लेव्होनॉरजेस्ट्रेल हे संप्रेरक सोडणारी तांबी गर्भाशयात बसवली, तर पोकळी फारशी वेडीवाकडी झालेली नसलेल्या स्त्रियांना वर्षानुवर्षे आराम मिळू शकतो. पोकळीत गाठ असल्यास मात्र तांबी निसटून पडण्याची शक्यता वाढते. ल्युप्रोलाइडसारखी इंजेक्शने पाळी तात्पुरती थांबवतात आणि गाठ आक्रसवतात, परंतु हाडे ठिसूळ होण्याच्या भीतीमुळे ती सहसा शस्त्रक्रियेआधीच्या काही महिन्यांपुरतीच वापरतात. तोंडाने घ्यायच्या गोळ्यांमध्ये रेलुगोलिक्सला थोड्या इस्ट्रोजेन-प्रोजेस्टिनची जोड दिलेले औषध अमेरिकेत आणि युरोपात २०२१ साली मान्य झाले. युलिप्रिस्टल या औषधाने यकृताला गंभीर इजा झाल्याची उदाहरणे समोर आल्यामुळे युरोपीय औषध संस्थेने २०२० साली त्याच्या वापरावर कडक बंधने घातली. जुनी चिठ्ठी दाखवून ते औषध पुन्हा आणणे धोक्याचे आहे.

काढे, अर्क आणि ‘गाठ विरघळवणारे’ पॅकेज यांविषयीही नेहमी विचारले जाते. गाठ नाहीशी करणारा कोणताही काढा खात्रीशीर चाचण्यांत सिद्ध झालेला नाही. पाळी जाण्याच्या वयात गाठ आपोआप आक्रसते आणि त्याचे श्रेय त्या वेळी चालू असलेल्या औषधाला मिळते, हेही ध्यानात ठेवावे. असे काही घेत असाल तर ते डॉक्टरांपासून लपवू नका, आणि ते घेताना हिमोग्लोबिन खाली जाऊ देऊ नका.

टाका न घालता, योनीमार्गातूनच गाठ काढता येते असे ऐकले. हे कोणासाठी?

शून्य, एक आणि काही दुसऱ्या प्रकारच्या गाठींसाठी. या उपचाराला हिस्टेरोस्कोपिक मायोमेक्टॉमी म्हणतात. बारीक दुर्बीण गर्भाशयमुखातून आत नेतात, पोकळी द्रवाने फुगवतात आणि विजेच्या तारेने किंवा कापून ओढून घेणाऱ्या उपकरणाने गाठीचे पापुद्रे काढतात. पोटावर एकही छेद नसतो. स्त्री बहुधा त्याच दिवशी घरी जाते आणि दोन-तीन दिवसांत कामाला लागते. गाठ पोकळीत असेल तर याहून सोपा आणि गुणकारी उपचार नाही. तरीही अशा गाठीसाठी पोट उघडण्याचा सल्ला दिला गेला, तर कारण विचारलेच पाहिजे.

या उपचारातला मुख्य धोका वापरलेल्या द्रवाचा असतो. तो रक्तात जास्त शोषला गेला तर सोडियम घटून मेंदूला सूज येऊ शकते. ग्लायसीनसारखा द्रव साधारण एक लिटर शोषला गेल्यावर शस्त्रक्रिया थांबवतात. सलाईन वापरून चालणाऱ्या नव्या उपकरणांत ही मर्यादा निरोगी स्त्रीसाठी अडीच लिटरपर्यंत असते. त्यामुळेच तीन-चार सेंटीमीटरहून मोठी किंवा भिंतीत खोल रुतलेली गाठ काही वेळा दोन टप्प्यांत काढावी लागते. दुसऱ्यांदा बोलावले म्हणजे पहिली शस्त्रक्रिया फसली, असा अर्थ काढू नये.

दुर्बिणीतून पोटावरील लहान छेदांवाटे गाठ काढणे किती सुरक्षित आहे? मोठी गाठ एवढ्याशा भोकातून बाहेर येते कशी?

लॅपरोस्कोपिक मायोमेक्टॉमीत पाच ते दहा मिलिमीटरचे तीन-चार छेद घेतात. रक्तस्राव कमी व्हावा म्हणून गाठीभोवती व्हॅसोप्रेसिन टोचतात, भिंत चिरून गाठ सोडवतात आणि भिंत थराथराने शिवतात. या शस्त्रक्रियेचा खरा कस त्या शिवणकामात लागतो. गाठ काढणे त्या मानाने सोपे असते, पण भिंत नीट शिवली गेली नाही तर पुढच्या गरोदरपणात तिथेच गर्भाशय फाटण्याचा धोका राहतो. म्हणून ‘दुर्बिणीतून होईल का’ या प्रश्नाबरोबरच ‘तुम्ही अशा किती शस्त्रक्रिया करता’ हेही विचारावे. एक किंवा दोन-तीन गाठी, मध्यम आकार आणि अनुभवी हात, एवढे जुळून आले तर पोट उघडण्यापेक्षा वेदना कमी, रक्तस्राव कमी आणि रुग्णालयातील मुक्काम एक-दोन दिवसांचा असतो. दहा-पंधरा गाठी असतील किंवा गर्भाशय बेंबीच्या वर पोचले असेल, तर पोट उघडून केलेली शस्त्रक्रियाच अनेकदा शहाणपणाची ठरते. तेव्हा सुटलेली एखादी गाठ बोटांना जाणवते, दुर्बिणीतून ती दिसतही नाही. यंत्रमानवाच्या साहाय्याने केलेल्या शस्त्रक्रियेचा खर्च बराच वाढतो, पण नेहमीच्या लॅपरोस्कोपीच्या तुलनेत रुग्णाला मिळणारा जादा फायदा ठळकपणे दिसून आलेला नाही.

मोठी गाठ बाहेर काढण्यासाठी तिचे पोटात तुकडे करावे लागतात. यासाठीच्या विजेवर फिरणाऱ्या पात्याच्या उपकरणाबाबत अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१४ साली इशारा दिला. फायब्रॉइड समजून शस्त्रक्रिया केलेल्या सुमारे ३५० स्त्रियांत एकीला लपलेला सार्कोमा असू शकतो आणि तुकडे करताना तो पोटभर पसरू शकतो, असे त्यात म्हटले होते. नंतरच्या अनेक पाहण्यांत हे प्रमाण याहून बरेच कमी निघाले, पण सावधगिरी कायम राहिली. गाठ बंदिस्त थैलीत ठेवून तिथेच तुकडे करावेत, आणि पाळी गेलेल्या किंवा कर्करोगाची शंका असलेल्या स्त्रीत तुकडे करूच नयेत, ही आजची रीत आहे. तुमच्या शस्त्रक्रियेत थैली वापरली जाणार का, हे आधी विचारण्यात संकोच वाटू नये.

धमनी बंद करून गाठ सुकवण्याचा उपचार काय आहे? यात खरोखर शस्त्रक्रिया नसते का?

याला गर्भाशय धमनी एम्बोलायझेशन म्हणतात आणि तो स्त्रीरोगतज्ज्ञ नव्हे, तर इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट, म्हणजे क्ष-किरणांत पाहत बारीक नळीवाटे उपचार करणारे तज्ज्ञ करतात. पॅरिसमधील झाक राव्हिना आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ साली या उपचाराचे पहिले निष्कर्ष प्रसिद्ध केले. शस्त्रक्रियेआधी रक्तस्राव कमी व्हावा म्हणून त्यांनी धमन्या बंद केल्या, तर काही स्त्रियांचा त्रास इतका कमी झाला की शस्त्रक्रियेची गरजच उरली नाही.

अँजिओग्राफी करतात तशीच ही पद्धत आहे. जांघेतील किंवा मनगटातील धमनीतून बारीक नळी गर्भाशयाच्या दोन्ही धमन्यांपर्यंत नेतात आणि मिलिमीटरहून लहान कण सोडून गाठीकडे जाणारा रक्तपुरवठा तोडतात. गर्भाशयाच्या निरोगी स्नायूला इतर वाटांनी रक्त मिळत राहते, गाठीला मिळत नाही. पूर्ण भूल लागत नाही आणि काम साधारण तासाभरात आटोपते. पुढच्या काही महिन्यांत गाठीचे आकारमान निम्म्याच्या आसपास घटते, आणि अतिरक्तस्राव दहापैकी आठ-नऊ स्त्रियांत आटोक्यात येतो.

छेद नसला तरी हा उपचार वेदनारहित नाही, हे आधीच सांगायला हवे आणि ते नेहमी सांगितले जात नाही. रक्तपुरवठा तुटलेली गाठ पहिले बारा ते चोवीस तास कळांसारखी जोराने दुखते. त्यासाठी रुग्णालयात एक रात्र राहून तीव्र वेदनाशामके घ्यावी लागतात. त्यानंतर आठवडाभर कणकण, मळमळ आणि थकवा जाणवतो. क्वचित पोकळीजवळची गाठ तुटून योनीमार्गे बाहेर पडते किंवा तिथे जंतुसंसर्ग होतो. पंचेचाळिशीपुढच्या काही स्त्रियांची पाळी या उपचारानंतर कायमची थांबते, तरुण स्त्रियांत हे फारच कमी घडते.

हा परिणाम किती टिकतो, याचे उत्तर दोन युरोपीय चाचण्यांतून मिळते. नेदरलँड्समधील एमी चाचणीत हा उपचार घेतलेल्या स्त्रियांचा दहा वर्षे पाठपुरावा झाला. त्यांतील साधारण एक तृतीयांश स्त्रियांना अखेर गर्भाशय काढावे लागले. हा आकडा नकाराचे कारण म्हणून वाचता येतो, तसाच दोन तृतीयांश स्त्रियांची मोठी शस्त्रक्रिया टळली असाही वाचता येतो. त्या सगळ्याजणी मुळात गर्भाशय काढण्यासाठीच आल्या होत्या, हे लक्षात घेता मला दुसरे वाचन अधिक न्याय्य वाटते. एम्बोलायझेशन आणि गाठी शस्त्रक्रियेने काढणे यांची तुलना करणाऱ्या ब्रिटनमधील २५४ स्त्रियांच्या फेम चाचणीचे निष्कर्ष २०२० साली आले. दोन वर्षांनी दोन्ही गटांचे जीवनमान पुष्कळ सुधारले होते, पण गाठी शस्त्रक्रियेने काढलेल्या स्त्रिया थोड्या पुढे होत्या.

गरोदर स्त्री, ओटीपोटात जंतुसंसर्ग असलेली स्त्री आणि कर्करोगाची शंका असलेली स्त्री यांना हा उपचार करत नाहीत. बारीक देठाने बाहेर लटकणाऱ्या गाठीसाठीही सहसा दुसरा मार्ग निवडतात.

ध्वनिलहरींनी गाठ जाळण्याचा उपचार कसा आहे?

यात तीव्र ध्वनिलहरी पोटाच्या कातडीवरून गाठीतील एका बिंदूवर एकवटतात. तिथले तापमान ६० अंश सेल्सिअसच्या वर जाऊन तेवढा भाग निर्जीव होतो. असे बिंदू एकामागून एक जाळत गाठीचा मोठा भाग निकामी करतात. एमआरआयमध्ये पाहत हे काम करणाऱ्या यंत्राला अमेरिकेत २००४ साली मान्यता मिळाली. चीनमध्ये सोनोग्राफीच्या साहाय्याने चालणारी यंत्रे मोठ्या प्रमाणावर वापरली जातात. भारतात ही सोय मोठ्या शहरांतील मोजक्या केंद्रांत आहे.

जखम अजिबात नाही आणि एक-दोन दिवसांत कामावर जाता येते, ही याची मोठी जमेची बाजू. पण यासाठी योग्य ठरणाऱ्या स्त्रिया जाहिरातींवरून वाटते त्याहून कमी असतात. लहरींच्या वाटेत आतडे येत असेल, पोटावर जुन्या शस्त्रक्रियेचा जाड व्रण असेल, गाठी खूप असतील किंवा एमआरआयमध्ये गाठ अति उजळ दिसत असेल, तर परिणाम कमी मिळतो किंवा आतडे-कातडी भाजण्याचा धोका वाढतो. शिवाय तासन् तास पालथे, न हलता पडून राहावे लागते. पुन्हा उपचार लागण्याचे प्रमाणही शस्त्रक्रियेपेक्षा जास्त आहे.

रेडिओफ्रीक्वेन्सीचा उपचार याहून वेगळा आहे का?

होय. यात सुईसारखे टोक थेट गाठीत खुपसून शंभर अंशांच्या आसपास उष्णता देतात. लॅपरोस्कोपीतून करायच्या पद्धतीला अमेरिकेत २०१२ साली आणि गर्भाशयमुखातून करायच्या पद्धतीला २०१८ साली परवानगी मिळाली. गाठ जागीच राहते आणि काही महिन्यांत आक्रसते, भिंत चिरावी-शिवावी लागत नाही. पुढच्या गरोदरपणाविषयीचा अनुभव अजून मर्यादित आहे. ही उपकरणे सगळीकडे नसतात, त्यामुळे केवळ एखाद्या शहरात ती आहेत म्हणून तिकडे धाव घेण्याआधी जवळ मिळणारा उपचार आपल्या गाठीला पुरेसा आहे का ते पाहावे.

मला मूल हवे आहे. कोणता उपचार निवडावा?

गाठ पोकळीत असेल तर ती हिस्टेरोस्कोपीने काढल्याने गर्भधारणेची शक्यता सुधारते, यावर बऱ्यापैकी एकमत आहे. पूर्णपणे बाहेरच्या बाजूच्या गाठींचा गर्भधारणेवर परिणाम होत नाही, त्यामुळे केवळ मूल होत नाही म्हणून त्या काढू नयेत. खरा वाद भिंतीतल्या गाठींचा आहे. त्या काढल्याने फायदा होतोच असे सिद्ध झालेले नाही, आणि काढताना भिंतीवर व्रण पडतो तो वेगळाच. अशा वेळी स्त्रीचे वय, बीजांडांचा साठा, पतीची वीर्यतपासणी आणि आधीचे गर्भपात, हे सारे पाहून निर्णय व्हायला हवा. पतीची साधी तपासणी न करता पत्नीच्या गाठीवर शस्त्रक्रिया होते, हे आपल्याकडे अजूनही घडते आणि ते थांबायला हवे.

भिंत खोलवर चिरून गाठ काढली असेल तर साधारण तीन ते सहा महिने गर्भधारणा टाळायला सांगतात, आणि बाळंतपण पुष्कळदा सिझेरियनने करतात. एम्बोलायझेशननंतर निरोगी बाळे जन्मली आहेत, परंतु गर्भपाताचे प्रमाण अधिक दिसल्यामुळे मूल हवे असलेल्या स्त्रीसाठी तो पहिला पर्याय मानत नाहीत.

गरोदरपणातच गाठ सापडली तर?

बहुतेक स्त्रियांचे दिवस व्यवस्थित भरतात. गाठीला रक्तपुरवठा अपुरा पडून तीव्र दुखू शकते. त्यावर विश्रांती आणि डॉक्टरांनी दिलेले वेदनाशामक पुरते. गरोदरपणात गाठ काढण्याचा प्रयत्न अगदी अपवादानेच करतात.

डॉक्टरांनी ‘मुले झाली आहेत, पिशवी काढून टाका’ असे सांगितले. ऐकावे का?

गर्भाशय काढणे हा फायब्रॉइडवरचा एकमेव कायमस्वरूपी उपचार आहे आणि काही स्त्रियांसाठी तो सर्वांत योग्यही असतो. औषधांनी आणि लहान उपचारांनी आराम न पडलेली, पुन्हा गर्भधारणा नको असलेली, गाठींनी भरलेल्या गर्भाशयाची स्त्री विचारपूर्वक हा निर्णय घेत असेल, तर तिला त्यापासून परावृत्त करण्याचे कारण नाही. योनीमार्गातून किंवा दुर्बिणीतून ही शस्त्रक्रिया केल्यास पोट उघडावे लागत नाही. मात्र मुले झाली म्हणून गर्भाशय निरुपयोगी झाले, हा युक्तिवाद वैद्यकशास्त्राचा नाही.

महाराष्ट्रात याविषयी बोलताना बीड जिल्हा आठवल्याशिवाय राहत नाही. ऊसतोडीला जाणाऱ्या स्त्रियांची गर्भाशये मोठ्या संख्येने काढली गेल्याचे २०१९ साली उघड झाले. शासनाने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणी केलेल्या ८२ हजारांहून अधिक ऊसतोड स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक स्त्रियांची ही शस्त्रक्रिया झालेली आढळली. पाळीच्या दिवसांत खाडा पडला की मुकादम पैसे कापतो, उचल फिटत नाही, फडावर पाणी आणि शौचालय नाही, आणि पांढरे जाणे किंवा पोटदुखी घेऊन दवाखान्यात गेल्यावर ‘पुढे कर्करोग होईल’ अशी भीती घातली जाते, अशा साखळीतून हे आकडे तयार झाले. पुढे एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बिहार, छत्तीसगड आणि राजस्थानातील अशाच प्रकारांविषयीच्या याचिकेवर निर्णय देताना, अनावश्यक गर्भाशय-शस्त्रक्रिया रोखण्याची केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे तीन महिन्यांत अमलात आणण्याचे आदेश सर्व राज्यांना दिले.

तेव्हा वय चाळिशीच्या आत असेल तर दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेणे हा अविश्वास समजू नये. शस्त्रक्रिया ठरलीच, तर बीजांडकोश ठेवणार की काढणार हे संमतिपत्रावर सही करण्याआधी स्पष्ट करून घ्यावे. निरोगी बीजांडकोश पंचेचाळिशीच्या आत काढल्यास हाडे आणि हृदय या दोहोंना धोका वाढतो. ते ठेवले तरीही काही स्त्रियांत रजोनिवृत्ती थोडी लवकर येते.

गाठी पुन्हा होतात का?

गर्भाशय जागेवर असेपर्यंत होऊ शकतात. काढलेली गाठ परत उगवत नाही, पण भिंतीतील दिसलीही नव्हती अशी बारीक गाठ पुढे वाढते. अनेक गाठी असलेल्या तरुण स्त्रीत हे जास्त घडते. पाळी जाण्याला थोडीच वर्षे उरलेल्या स्त्रीला ही भीती कमी असते, आणि म्हणूनच सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीसच्या स्त्रीला तांबी किंवा औषधांवर तेवढा काळ निभावून नेण्याचा पर्यायही द्यायला हवा.

खर्चाचे काय? शासकीय योजनेत हे उपचार बसतात का?

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा लाभ आता महाराष्ट्रातील सर्व रहिवाशांना मिळतो आणि दरवर्षी प्रत्येक कुटुंबाला पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे. गोव्यात दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना आहे. नेमका कोणता उपचार कोणत्या रुग्णालयात योजनेत बसतो, हे दाखल होण्याआधी विचारावे. महाराष्ट्रात योजनेतील रुग्णालयांत त्यासाठी आरोग्यमित्र असतो. खासगी विमा असल्यास एम्बोलायझेशन आणि ध्वनिलहरींच्या उपचारासाठी लेखी पूर्वमंजुरी घ्यावी, कारण छेद नसलेल्या उपचारांवरून नंतर वाद होतात. खर्चाची तुलना करताना रजा, सोबतीचा माणूस आणि पुन्हा उपचार लागण्याची शक्यता हेही हिशेबात धरावे.

उपचारानंतर घरी आल्यावर कोणत्या लक्षणांसाठी लगेच रुग्णालयात जावे?

३८ अंश सेल्सिअसहून जास्त ताप, विशेषतः एम्बोलायझेशननंतर आठवडा उलटून गेल्यावर आलेला, दुर्गंधीयुक्त स्राव, तासाला एक पॅड भिजेल इतका रक्तस्राव, औषध घेऊनही वाढत जाणारी पोटदुखी किंवा पोटफुगी, लघवी न होणे, पिंढरीला सूज येऊन दुखणे, अचानक धाप लागणे. यांपैकी काहीही झाले तर पुढच्या तपासणीच्या तारखेची वाट पाहू नये, आणि जाताना डिस्चार्ज कार्ड सोबत घ्यावे, म्हणजे रात्रपाळीच्या डॉक्टरांना नेमका कोणता उपचार झाला आहे ते लगेच कळेल.